बोरवाडीची सिंहीण

“मामा, आज थाप नको,” मुरारी म्हणाला.

मी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. सकाळची उन्हं नुकती तंबूवर आली होती आणि मुरारीच्या अंगात अजून आदल्या खेळातलाच चमकीचा पोशाख होता. कपडे बदलायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि आठवण करून द्यायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

“मिरजेपर्यंतची वाट पाहिजे. हिसका न बसणारी. असली तर आहे म्हणा, नसली तर नाही म्हणा. पण खरं सांगा.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आबासाहेब कारंड्यांच्या सर्कशीत माझी ख्याती होतीच तशी. आमच्या जिराफाला सर्दी झाली तेव्हा त्याच्या गळ्याला गुंडाळायला पंचवीस वारी पागोटं कमी पडलं, ही माझीच थाप. हत्ती विहिरीत पडला आणि वर काढेपर्यंत उलटा पोहायला शिकला, हीसुद्धा माझीच. लोक हसायचे, मी चहा मिळवायचो. पण माझं खरं काम वेगळं होतं. सर्कस एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाली की मी आदल्या दिवशी फटफटीवरून पुढं जायचो. कुठल्या पुलावर हत्तीची गाडी पेलेल, कुठली तार खाली लोंबते, कुठल्या वळणावर ट्रक अडकेल, ते सगळं बघायचं आणि झाडांवर, दगडांवर चुन्याचे पट्टे ओढत यायचं. एक आडवा पट्टा म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांबा आणि उतरून बघा. एकदा परत येईस्तोवर माझ्या एका दगडाला लोकांनी नारळ फोडून देव केला होता. हे मात्र खरं आहे.

तर मुरारी. आमच्यातला झेलणारा. उंच झोक्यावर गुडघ्यांनी उलटा लोंबायचा आणि समोरून हवेत सुटून येणाऱ्या बायकोला मनगटांत धरायचा. तिचं नाव कौसल्या, सगळे कौसा म्हणायचे. जतच्या जत्रेत आदल्या संध्याकाळी कौसा समोरून सुटली, दोन कोलांट्या घेतल्या आणि मुरारीच्या बोटांना न लागता खाली गेली. जाळीवर पडली, पण कडेला. जाळीनं तिला उडवलं आणि ती रिंगणाबाहेरच्या मातीत पाठीवर आपटली. बँडवाल्यांना कळलं नाही, ते वाजवतच राहिले.

डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी तिला लाकडी फळीवर पट्ट्यांनी बांधली होती, हात तेवढे मोकळे ठेवले होते. म्हणाले, “कण्याला लागलंय. किती लागलंय ते मिरजेला कळेल. पण नेताना धक्का बसला तर पाय राहतील ते नुसते बघायला राहतील.”

तालुक्याची गाडी आणली होती. ती उभी असतानाच थरथरत होती. डॉक्टरांनीच हात जोडून परत पाठवली.

मग आबा आले. मोठ्या पोटाचा, तांबड्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी फळीवरच्या कौसाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, “माझा बंगला न्या.”

बंगला म्हणजे आबांचं चाकांवरचं घर. लष्कराच्या लिलावातला लांबलचक ट्रेलर घेऊन त्यावर कोल्हापूरच्या बॉडीवाल्यांकडून त्यांनी दोन खोल्या चढवून घेतल्या होत्या. खिडक्यांना झडपा, आत पितळी पलंग, बाहेरून दोन्ही अंगांना जबडा वासलेला सिंह रंगवलेला. ट्रकच्या मागं जोडला की घर चालू लागायचं. त्याच्या चाकांवरचे स्प्रिंगांचे पाटे इतके मऊ होते की सावकाश नेला तर आतला माणूस होडीत बसल्यासारखा डुलायचा. पण नखरेही तसेच. आखूड वळण त्याला घेता यायचं नाही, आडवा चर आला की पुढून आपटायचा आणि मग मागूनही आपटायचा. आणि चुकीच्या बोळात शिरला तर मागं घेणं म्हणजे बैलाला जिना उतरवणं.

“आबा, माणसं किती देता?” मी विचारलं.

“माझी बायको, तुमची काकी, जाईल उशाशी बसायला. मुरारी चालवेल. बाकी कुणी नाही. जत्रा सोडून खेळ बंद केला तर या जनावरांपुढं काय टाकू?”

मुरारी सर्कशीच्या हलवाहलवीत ट्रक चालवायचा. हात चांगला होता त्याचा. त्या सकाळी मात्र तो स्वतःच्या हातांकडं असा बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्याला सांभाळायला दिलेत.

“माझा झोका आधी आला, मामा,” तो हळूच म्हणाला. “अर्ध्या हातानं हुकली. माझाच झोका आधी आला.”

मी फटफटी काढली.

*

मागच्या कॅरियरवर मी पितळी कासंडी बांधली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. पाणी जिथं डचमळून सांडेल, तिथं कौसाला कळ जाईल, असा हिशेब.

मोठ्या रस्त्यावर कोसभरही गेलो नसेन, कासंडी निम्मी रिकामी. रस्ता रुंद करायचं काम काढलेलं. उघडी खडी अंथरून ठेवलेली, डांबर अजून यायचं होतं. बाजूनं काढलेली वाट म्हणजे नुसते दगड. मी वळलो, विहिरीवर कासंडी भरली आणि रानातली गाडीवाट धरली. ती लांबची होती. बोरवाडी नावाच्या वाडीतून जायची, पुढं कोरड्या पडलेल्या नदीच्या वाळूत उतरायची आणि पलीकडच्या जुन्या डांबरी रस्त्याला लागायची. वाळू म्हणजे गादीच. डांबरी रस्ताही बरा होता. अडचण मधल्या बोरवाडीची. वाडीतून जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्याला बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल पडलेल्या, वाळून दगड झालेल्या. त्यात लोकांनी शेतात पाणी न्यायला रस्ता आडवा फोडून चर काढलेले.

वाडीच्या पारावर चारसहा माणसं बसली होती. मी फटफटी लावली, रामराम केला आणि सरळ मुद्द्यावर आलो. सर्कशीतली बाई पडलीय, उद्या सकाळी गाडी इथून न्यायचीय, चाकोऱ्या तेवढ्या बुजवू लागा.

“रस्ता सरकारचा हाय,” एकजण म्हणाला.

“चर तर तुमचेच आहेत?”

“पानी काय सरकार पाजतंय?” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

तिसरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गावचा सरपंच निघाला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “पाव्हनं, सुगीचे दिस हायत. मानसं मळनीवर. मोठ्या रस्त्यानं जावा की.”

मुरारीला मी शब्द दिला होता, थाप नको. पण तो वाटेबद्दल होता, बोरवाडीबद्दल नव्हता.

मी परत जायला वळल्यासारखं केलं. मग थांबलो. “बरं, मग एवढं करा. उद्या सकाळी गुरं आत बांधा. लेकरं घराबाहेर सोडू नका. दारांना आतून कड्या लावा.”

“का वो?”

“त्या बाईचं मी आपलं तुम्ही घाबरू नये म्हणून सांगितलं. गाडीत सिंहीण आहे. दिवस भरलेत तिचे.”

पारावरची माणसं पाय वर घेऊन बसली.

“मग पिंजऱ्यात घालून न्या,” सरपंच म्हणाला, पण आवाज उतरला होता.

“बाळंतीण पिंजऱ्यात घालायची? तुमच्यात घालतात?” मी विचारलं. “आबांनी स्वतःचा बंगला दिलाय तिला. लाकडी भिंती आहेत. साध्या चालीनं नेलं तर गुपचूप पडून राहते. पण हिसका बसला की बिथरते. हिची आई अशीच एका वाटेवर बिथरली. दार मोडलं, आणि आठवड्याचा बाजार भरलेला. त्या दिवशी बाजारात फक्त मिरच्या शिल्लक राहिल्या.”

कुणी हसलं नाही. एकजण उठून चाकोऱ्यांकडं बघायला लागला.

एवढ्यात मागून बाईचा आवाज आला. “पहिलटकरीन हाय का?”

मी वळलो. डोक्यावर पाटी, कमरेला पदर खोचलेला, वयानं वाकली नव्हती अशी एक म्हातारी. सगळे तिला हौसाक्का म्हणत होते.

“आँ?”

“सिंहीन. पहिलटकरीन हाय का, म्हनलं.”

“हो. पहिलटकरीण.”

“मग वटी भरली का न्हाई कुनी?”

आजवर थाप मारताना माझी जीभ कधी अडली नव्हती. तेव्हा अडली. “सिंहिणीची ओटी कोण भरणार, आक्का?”

“देवीचं वाहन हाय ते. आमच्या गावावरनं रिकामी जाईल व्हय?” तिनं पाटी खाली ठेवली आणि पारावरच्या बाप्यांकडं बघितलं. “आन् तुमी बसा हितं बुडं टेकून. माती घालून चाकुऱ्या बुजत्यात व्हय? चाक गेलं की माती दबती. कडबा घाला. माझी गंजी उसवा.”

“आक्का, उन्हाळा तोंडावर हाय,” सरपंच म्हणाला. “म्हशीम्होरं काय टाकशील?”

“म्हस माझी हाय. ती आन् मी बघून घिऊ.”

कडबा म्हणजे तिकडं काय चीज असते ते मी सांगायला नको. ज्वारीची कणसं खुडल्यावर उरलेली ती ताटं, पुढं पाऊस पडेपर्यंत जनावराचा तोच जीव. म्हातारीनं गंजीला हात घातल्यावर बाकीच्यांना बसून राहणं जमलं नाही. मी निघालो तेव्हा बाप्ये चर बुजवत होते आणि बाया पेंढ्या डोक्यावर घेऊन येत होत्या.

परतीच्या वाटेवर मी चुन्याचे पट्टे ओढले. एक आडवा, कुठं दोन. बोरवाडीच्या शिवेवरच्या लिंबावर मात्र काय खूण करावी ते सुचेना. तसाच पुढं गेलो.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पुढं मी फटफटीवर, हातात तांबडं फडकं. मागं मुरारी ट्रकमध्ये, त्याच्या मागं बंगला, आत खिडकीच्या झडपेला लागून फळीवर बांधलेली कौसा आणि उशाशी काकी. चाल इतकी हळू की मेंढरं आमच्या पुढं निघून गेली.

अवघड जागा आली की मी थांबायचो, झडपेपाशी जायचो.

“मामा, पुढं काय हाय?” आतून कौसा विचारायची.

“ओघळ आहे. गाडी डावीकडं कलेल, मग सरळ होईल.”

“कितीदा?”

“एकदाच. मी फडकं खाली केलं की काकी सांगतील. तेव्हा श्वास धर.”

“थाप?”

“नाही गं.”

झोक्यावर सुटण्याआधी ती जसा श्वास धरायची, तसाच धरायची. गाडी कलायची, सरळ व्हायची. मग आतून “हं” असा आवाज यायचा आणि मुरारी पुन्हा गिअर टाकायचा. ट्रकच्या आरशात त्याचं तोंड मला दिसत होतं. ओठ हलत होते. झोक्यावर मोजायचा, तसा तो आकडे मोजत होता.

बोरवाडीची शीव आली. मी फटफटी बंद केली आणि ढकलत पुढं गेलो.

असा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही. पारापासून खालच्या वेशीपर्यंत सबंध वाट कडब्यानं भरलेली, वर उन्हाची तिरीप पडलेली. चर बुजवून त्यांच्यावर पोती अंथरलेली. गुरं आत बांधलेली, कुत्र्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली. माणसं माळवदांवर चढून बसली होती, आणि एवढ्या माणसांत एक खोकलासुद्धा नाही. ट्रक कडब्यावर चढला तसा चाकांचा आवाज बंद झाला. नुसती चुरचुर. रंगवलेला सिंह जबडा वासून वाडीतून चालला होता आणि लोक त्याला हात जोडत होते.

पाराजवळ हौसाक्का वाटेतच उभी राहिली. हातात सूप. मुरारीनं गाडी थांबवली.

सुपात हिरवा खण होता, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक. बाकीच्या बाया भिंतीला टेकून लांब राहिल्या. ती एकटीच पुढं आली.

“आक्का, माझ्याकडं दे,” मी घाईनं म्हणालो. “मी आत ठेवतो. ती झोपलीय.”

“बाप्या मानसं वटी भरत्यात व्हय?” ती म्हणाली. झडपेजवळ गेली. बंगल्याच्या लाकडाला तिनं हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि आतल्या जनावराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “बाई गं, भिऊ नगंस. सुखानं मोकळी हो.”

आत काही हललं. काकींचा दबका आवाज आला, “अगं, नको, हात नको हलवूस.”

झडप दोन बोटं वर उचलली गेली. तिच्यातून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. मनगटाला झोक्यावरच्या पट्ट्यांचे वळ, मुठीत पदराचं टोक. तो हात तिथंच थांबला आणि पदर पसरला.

मी हौसाक्काकडं बघायचं टाळलं. मग बघितलं. ती त्या हाताकडं बघत होती. गाव लांब होता. मध्ये तिची पाठ होती. दिसलं ते फक्त तिला, मला आणि काय झालं म्हणून ट्रकमधून उतरून आलेल्या मुरारीला.

“पहिलटकरीन?” हौसाक्कानं हळूच विचारलं. मला नाही, झडपेला.

“व्हय,” आतून कौसा म्हणाली. “तिसरा लागलाय.”

मुरारीनं बंगल्याच्या कडेला हात टेकला.

हौसाक्कानं एकेक जिन्नस उचलून त्या पदरात घातला. तांदूळ ओंजळीनं घातले. नारळ ठेवताना तिनं खालून दुसरा हात लावला, वजन मनगटावर येऊ नये म्हणून. पदराची गाठ मारून तो आत सरकवला. मग वळली आणि माळवदांकडं तोंड करून ओरडली, “घेतली बया सिंहिनीनं वटी!”

गावानं देवीच्या नावानं चांगभलं केलं. कुजबुजत केलं, सिंहीण बिथरू नये म्हणून.

मुरारी झडपेशी उभा होता. “कौसा.”

“झोका तुझा नव्हता चुकला,” ती म्हणाली. “कंबर जड झाली होती. माझेच हात उशिरा सुटले.”

“मला सांगायचं.”

“तू आबांना सांगितलं असतंस. त्यांनी खाली उतरवलं असतं. एवढी जत्रा करू म्हटलं, मग सांगू.”

“मला सांगायचं होतंस गं.”

“आता सांगितलं ना. जा, चालव. मामा, पुढं काय हाय?”

“नदीचा उतार,” मी म्हणालो. फडकं उचललं. “लांब आहे. पण उतरलं की वाळू.”

त्या उतारावर मुरारीनं ट्रक जसा उतरवला, तसा उतरवलेला मी कुणाचा बघितला नाही. पाऊल टाकताना माणूस अंदाज घेतो ना, तसा एकेका चाकाचा अंदाज घेत उतरला. वाळूत मागचं एक चाक रुतलं, तेव्हा त्यानं गाडी रेटली नाही. उतरला, गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उकरली, चाकाखाली कडब्याच्या पेंढ्या घातल्या. हौसाक्कानं ट्रकमध्ये टाकून दिलेल्या. आतापर्यंत त्याच हातांकडं तो परक्यासारखा बघत होता.

पुढच्या डांबरी रस्त्यावर चाल वाढवता आली, दिवस मावळता मिरजेला पोचलो. कौसाला आत नेल्यावर मी बंगल्यात डोकावलो. फळीखाली मी कासंडी भरून ठेवली होती. फळीच्या बाजूची जमीन कोरडी होती.

*

कणा मोडला नव्हता. चिरला होता. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली आणि अंगठा हलला. महिनोन्महिने पडून राहावं लागेल, पण चालेल, म्हणाले. मुरारीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी पोर राहिलं नाही.

नर्सबाई बाहेर येऊन सांगत होत्या आणि मी एकच विचारत होतो, वाटेत हिसका बसला का? त्या म्हणाल्या, “नाही हो. वाटेनं काही केलेलं नाही. ते पडतानाच गेलं होतं.”

म्हणजे बोरवाडीत तिनं पदर पसरला, तेव्हा. मी पुढचा विचार केला नाही. आजही करत नाही.

कौसानं तोंड भिंतीकडं केलं. मान वळवायची तेवढी तिला मुभा होती. बोलणं बंद. मुरारीनं दूध पुढं केलं तर ओठ मिटायची. असे काही दिवस गेले. आबांचा निरोप आला की जत्रा उठतेय, बंगला परत पाठवा.

काकींना कौसापाशी आणि फटफटी दवाखान्याच्या दारात ठेवून आम्ही दोघं निघालो. गाडी मोकळी होती. हिसके बसले तरी कुणाला लागणार नव्हते. मी म्हणालो, “मोठ्या रस्त्यानं चल. लवकर जाऊ.” फाटा आला. मुरारीनं ट्रक नदीकडं वळवला.

बोरवाडीत कडबा गोळा करून नेला होता. चाकोऱ्यांत थोडी ताटं चुरडून राहिली होती. आमचा सिंह दिसताच लोक धावत आले. या वेळी कुणी लांब राहिलं नाही. सरपंच ट्रकच्या पायरीवरच चढला.

“मोकळी झाली का वो सिंहीन?”

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं, ते काही केल्या जिभेवर येईना. सिंहिणीला पिल्लं झाली म्हणून सांगायचं, एवढंच होतं. हवी तेवढी, हव्या त्या रंगांची.

“झाली,” मुरारी म्हणाला. स्टेअरिंगवरून नजर काढली नाही. “एक झाली. मादी हाय.”

“आन् सिंहीन?”

“सुखरूप हाय.”

मुरारी खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गावानं चांगभलं केलं, या वेळी मोठ्यानं. कुणी गूळ वाटला. गर्दीतून हौसाक्का पुढं आली. तिनं मुरारीच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मागच्या बंगल्याच्या बंद झडपेकडं. पुष्कळ वेळ बघत होती. शेवटी कमरेची घडी काढून ट्रकच्या खिडकीतून आत दिली. जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची गोधडी. हातभर लांब.

“आक्का, सिंहाच्या पिल्लाला ही कुठली पुरतीय?” सरपंच म्हणाला.

“पुरंल,” ती म्हणाली.

*

बंगला जतला पोचवून आम्ही एसटीनं परत मिरजेला आलो. कौसा तशीच होती, भिंतीकडं तोंड. मुरारीनं गोधडीची घडी मोडली आणि तिच्या हाताजवळ ठेवली. तिची बोटं टाक्यांवरून फिरली. एकदा, पुन्हा एकदा.

“कुनी दिली?”

किती दिवसांनी बोलली. मी दाराशीच थांबलो.

“हौसाक्कानं. बोरवाडीच्या.”

“त्यांना काय सांगितलंस?”

मुरारी घोटाळला. “एक झाली म्हणून सांगितलं.”

तिची बोटं टाक्यांवर थांबली. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

“मुलगी?”

“हं.”

“मग नाव विचारलं असंल आक्कानं.”

कुणी विचारलं नव्हतं. मी तिथंच उभा होतो, मला माहीत आहे. मुरारीनं माझ्याकडं पाहिलं. त्या घडीला मला एक नाव सुचलं असतं तर मी माझ्या सगळ्या थापा गहाण टाकल्या असत्या.

“विचारलं,” तो म्हणाला. “मी म्हनलं, तिच्या आईला विचारून सांगतो.”

कौसानं मान वळवली. भिंतीकडून छताकडं, मग छताकडून त्याच्याकडं. गोधडी पोटावर ओढून घेतली आणि नाव सांगितलं. मुरारीनं ते तिच्यामागून उच्चारलं, नीट ऐकलं की नाही याची खात्री करून घ्यावी तसं. मग त्यानं दुधाचा पेला पुढं केला आणि तिनं घेतला.

निरोप द्यायला मी फटफटीवरून बोरवाडीला गेलो. शब्द दिलेला होता, मुरारीनं का होईना. हौसाक्का गोठ्यात होती. मी नाव सांगितलं. पुढचं काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

“चांगलं हाय नाव,” ती म्हणाली, आणि रस्त्यावरून वेचून आणलेला, चाकाखाली चुरडलेला कडबा झटकून म्हशीपुढं टाकला.

त्यानंतर मी शेकडो गोष्टी सांगितल्या. त्यांत सिंहिणी आल्या, हत्ती आले, जिराफही आला. ते नाव मी कुठल्याच गोष्टीला दिलं नाही.